वही कुणाकडे अडकलीय? दहावी 1990 च्या ग्रुपला खुलं पत्र

प्रिय दहावी ‘अ’, बॅच 1990, आणि ‘ब’ तुकडीतले जे तिघं नंतर घुसले ते पण,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, वही.

ग्रुपवर तीनदा विचारून झालंय. पहिल्यांदा विचारलं तर पाच मिनिटांत कुणीतरी खाली कैरीच्या लोणच्याचा व्हिडिओ टाकला. दुसऱ्यांदा सहा जणांनी अंगठे दिले, आता अंगठा म्हणजे काय समजायचं, वही माझ्याकडे आहे, की वाचलं, की चालू दे तुझं? तिसऱ्यांदा नेमका एकाचा वाढदिवस निघाला आणि केक, फुगे, बुके यांच्या ढिगाखाली माझा प्रश्न गाडला गेला. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. आधी चार पानं हाताने लिहून काढलंय आणि मग टाईप केलंय, त्यामुळे मध्येमध्ये भरकटले तर सांभाळून घ्या.

जे आपल्या वर्गातले नाहीत आणि तरी वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमची एक फिरती वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. आम्ही चौदा जण. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चौदा पत्ते अनुक्रमाने चिकटवलेत. ज्याच्याकडे येईल त्याने पंधरा दिवसांत काय वाट्टेल ते लिहायचं, हातानेच, आणि पोस्टाने पुढच्याला पाठवायची. पानाचा फोटो काढायचा नाही. ग्रुपवर त्याबद्दल बोलायचं नाही. कुणाला उत्तर द्यायचं असेल तर आपली पाळी येईल तेव्हा समासात द्यायचं. फेब्रुवारी 2022 मध्ये निघाली. हिशेबाने सात महिन्यांत फेरी पुरी व्हायला पाहिजे, पण पहिलीला अकरा महिने लागले, दुसरीला दीड वर्षाच्या वर, आणि तिसऱ्या फेरीतली वही 2025 च्या सप्टेंबरपासून एकाच घरात बसलीय.

ती निघाली कशी हे आपल्यातलेच काही विसरलेत असं मला वाटायला लागलंय. 22 जुलै 2021. वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली तो दिवस. आपण मुंबई-पुण्यातले नुसते फोन लावत बसलेलो आणि फोन लागत नव्हते. ग्रुपला मी उगाच नावं ठेवत नाहीये हां, त्या दोन दिवसांत कोण कुठल्या गच्चीवर आहे, कुणाकडे पिण्याचं पाणी नाही हे त्या ग्रुपवरच कळलं, ते काम पत्राने झालं नसतं. पण पाणी ओसरल्यावर काय झालं ते आठवा. आपला बाजारपेठेतला मित्र, दुकानाच्या मागेच घर, त्याच्या पत्र्याच्या पेटीत वडिलांची सगळी पत्रं होती. आपल्या वाचन मंदिरातली पुस्तकं 2005 ला भिजली तशी परत भिजली, त्याची निदान बातमी आली. घराघरातल्या पेट्यांची कोण बातमी करतंय. त्याने चिखल धुवून एकेक कागद दोरीवर चिमटे लावून वाळत घातला, कपडे घालतात तसा, आणि संध्याकाळी मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य हे, “बॉलपेनची वाचली गो, शाईची गेली.”

शाईपेनाची शाई पाण्यात विरघळते, बॉलपेनची तेलकट असते म्हणून राहते. आणि आपल्याला शाळेत आठवतंय ना, बॉलपेन हातात दिसलं की पट्टी बसायची, अक्षर बिघडतं म्हणून! दांडेकरांनी 1931 मध्ये शाईची पूड आणि गोळ्या विकून जो धंदा काढला त्याच कॅमलची निळी शाई बोटांना, खिशाला, कधीकधी पुढच्याच्या शर्टाला. वडिलांनी सुवाच्य अक्षरात, वळणदार, शाईपेनाने बसून लिहिलेली सगळी पत्रं म्हणजे आता निळे ढग. आणि घाईघाईत दुकानाच्या गल्ल्यावरचं बॉलपेन उचलून खरडलेली तेवढी वाचली. त्यातलं एक आंतरदेशीय त्याने फोनवर वाचून दाखवलं. तो रत्नागिरीला हॉस्टेलला असतानाचं. पत्रात काही नाही, कौलं शाकारून झाली, गुळाचा भाव, खानावळीचे पैसे या महिन्यात उशिरा मिळतील. पण ‘उशिरा’ या शब्दावर पेन इतकं दाबलंय म्हणाला, की कागदाच्या मागून हाताला लागतं.

त्यानंतर मी एक प्रयोग केला. डोळे मिटून तुमची अक्षरं आठवायला लागले. एकतीस वर्षं झालेली शाळा सोडून, तुमच्या मुलांची लग्नं, नव्या गाड्या, कोलेस्टेरॉलचे आकडे मला पाठ, आणि अक्षर? एकाचंही नाही. फक्त एकाचं आठवलं, कारण तो माझ्याच वहीतून भूमिती उतरवायचा आणि वर्तुळाला ‘वरतुळ’ लिहायचा. तो हे वाचतोय.

तर अशी वही निघाली. आणि खरं सांगू का, मला वाटलेलं की आठवणीबिठवणी येतील, कुठल्या सरांनी कुणाला कोंबडा केलं वगैरे. तेही आलं पहिली वीसेक पानं. मग हळूहळू दुसरंच यायला लागलं. आत काय आहे ते बाहेर सांगायचं नाही हा नियम मीच केलाय, तरी ज्यांनी परवानगी दिली त्यांचं थोडं सांगते. एकाने साडेतीन पानं फक्त एका चहाच्या टपरीवर लिहिलीत. टपरीवाला आलं कसं ठेचतो, कुठल्या वेळी पोहे येतात, बाकावर कोण कोण बसतं. हॉस्पिटलच्या गेटसमोरची टपरी आहे ती. बायकोच्या केमोचं एक अक्षर नाही पानावर, आणि वाचताना दुसरं काही दिसत पण नाही. एकीने सासूबद्दल अर्धं पान लिहून खोडलं. आता फोनवर असतं तर ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढी पट्टी आली असती आणि विषय संपला असता. वहीत खोडलेलं खोडलेलंच राहतं. आम्ही सगळ्यांनी ते पान उजेडात धरून वाचलंय बाई, तुला माहीत असू दे, आणि समासात पाच जणींनी ‘सेम’ लिहिलंय ते उगाच नाही.

माझं मी काय लिहिलं ते सांगते, माझंच आहे त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही.

माझे बाबा मुंबईला मिलमध्ये होते हे तुम्हाला माहितीये, आपल्यातल्या निम्म्यांचे होते. तेव्हाचं कोकण मनीऑर्डरवरच चालायचं. त्या मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिठ्ठी असायची, संदेशाला जेमतेम दोन बोटं जागा, पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि ती चिठ्ठी फाडून हातात ठेवायचा. आई त्या चिठ्ठ्या तारेला खोचून ठेवायची, दुकानात बिलं खोचतात तशा. ‘ठीक आहे. खत आणणे.’ ‘ठीक आहे. पोरीस वही घेणे.’ प्रत्येकीवर आधी ठीक आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि थोड्या महिन्यांनी तारेवर नवीन चिठ्ठी येईना. मग पत्रं सुरू झाली. आईला लिहिता येत नव्हतं. शेजारचा दादा लिहून द्यायचा, तो पण मुंबईला गेला, मग काम माझ्याकडे आलं. मी तिसरीत होते. ती चुलीपुढे बसून सांगायची आणि मी पाटावर कार्ड ठेवून लिहायचे. ति. बाबांस शि. सा. न. वि. वि., इकडील सर्व क्षेम. इकडे क्षेम काहीही नव्हतं. पण ते लिहायचंच असतं असं मला वाटायचं, तारीख लिहितात तसं.

एकदा सांगता सांगता ती बोलून गेली की कानातलं ठेवलं सोनाराकडे. लगेच म्हणाली, ते नको लिहू हां. मी लिहिलं. का लिहिलं मला आजही नक्की सांगता येणार नाही, जागा उरली होती कार्डावर हे एक कारण होतंच. आठ-दहा दिवसांनी बाबा संध्याकाळच्या एसटीने आले, पिशवीत काही नाही, नुसते आले. आई मला ओरडली नाही. पण त्यानंतर पत्र सांगताना ती एकेक वाक्य तोलून सांगायला लागली, मी आठ वर्षांची आणि ती माझ्यापुढे जपून बोलतेय. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला पण नाही. वहीत लिहिलं कारण समोर कुणाचा चेहरा नव्हता आणि लगेच ‘अगं बाई गं’ म्हणून रडका इमोजी पाठवायला कुणी बसलेलं नव्हतं. अकरा महिन्यांनी वही परत आली तेव्हा समासात बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘आमचे बाबा पण त्याच संपात. आपण एका बाकावर बसायचो, तुझ्या डब्यात पण नाचणीच असायची, मला वाटायचं तुला आवडते.’

बाक एक होता आणि कळायला चाळीस वर्षं लागली!

आता बँकवाल्याचं. हे सांग म्हणून त्यानेच सांगितलंय. पहिल्या फेरीत त्याचं अक्षर फणसाच्या आठळ्यांसारखं, टपोरं, ओळीत चार शब्द मावले तर नशीब. दुसऱ्या फेरीत ओळ ठीक सुरू व्हायची आणि उजवीकडे जाता जाता बारीक बारीक होत मुंग्या. आम्ही वाचलं आणि म्हटलं म्हातारा झाला, चष्मा बदल. त्याच्यानंतरचा पत्ता आपल्या डॉक्टरीणबाईंचा. तिने मागची पानं काढून पहिल्या फेरीतलं अक्षर शेजारी ठेवून पाहिलं आणि ग्रुपवर चकार शब्द न काढता त्याला फोन केला, न्यूरॉलॉजिस्टकडे जा. पार्किन्सन्स निघाला. अक्षर असं आकसत जातं त्याला मायक्रोग्राफिया म्हणतात आणि ते या आजाराचं एक लक्षण असतं, बऱ्याचदा लवकर दिसणारं. आता तो औषधं घेतो आणि रोज सकाळी नातीच्या दुरेघी वहीत मोठं मोठं लिहायचा सराव करतो, दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवलं की मोठं येतं म्हणतो. या सगळ्या काळात त्याचा गुड मॉर्निंग रोज सकाळी सहा दहाला ग्रुपवर येत होता. त्याच साईझचा.

डॉक्टरीणबाईंनीच मग हाताने लिहिण्यावर वाचायला काय काय पाठवलं. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात 36 विद्यार्थ्यांच्या डोक्याला तारा लावून पाहिलं, 2024 मध्ये छापून आलं, हाताने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जास्त जोडलेले दिसतात, टायपिंगला तसे नाही. चांगलंय, पण त्यात टाईप करायला एकच बोट वापरायला लावलं होतं, तेव्हा फार नाचायला नको. मला त्यापेक्षा दुसरं एक जास्त पटलं, ते पुढे सांगते, कारण ते ज्याच्याकडे वही आहे त्याच्यासाठी आहे.

आधी पोस्टाचं उरकते. दुसऱ्या फेरीत आपल्यातल्या एका हुशाराने चिपळूणच्या पिनकोडात 415 च्या जागी 451 घातलं आणि वही मध्य प्रदेश फिरून आली, त्यात दीड महिना गेला. पहिल्या आकड्याने विभाग ठरतो, पुढच्या दोन आकड्यांनी त्यातलं सॉर्टिंग कुठे होणार ते, शेवटच्या तिघांनी पोस्ट ऑफिस. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातलेच, पोस्टात मोठ्या हुद्द्यावर आणि शिवाय संस्कृत कवी, 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड सुरू आहे, म्हणजे आपल्या जन्माच्या आधीपासून, तरी आपण चुकवायचा म्हणजे कमाल झाली. दुसरं, आता रजिस्टर्ड मागायला जाऊ नका, 2025 मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झालंय. एकाने बुक पोस्टने पाठवू, स्वस्त पडेल असं सुचवलं होतं. अरे, त्यात खासगी मजकूर चालत नाही, आणि आपल्या वहीत दुसरं काय आहे?

आणि अमेरिकेचा घोळ. न्यू जर्सीवालीच्या आधीचा पत्ता नागपूरचा. नागपूरवाला ऑगस्टच्या शेवटी पार्सल घेऊन काउंटरला गेला तर अमेरिकेचं बुकिंग बंद. तिकडे आठशे डॉलरपर्यंतच्या वस्तूंना ड्युटी माफ होती ती 29 ऑगस्ट 2025 पासून काढली, ती ड्युटी कोण कशी गोळा करणार याचा पत्ता नाही, विमान कंपन्या टपाल घेईनात, म्हणून आपल्या पोस्टाने 25 पासून पार्सलं थांबवली आणि महिनाअखेर साधी पत्रंसुद्धा. 15 ऑक्टोबरला परत सुरू झालं. पण तोपर्यंत नागपूरकराने तिला वगळून वही पुढच्याला पाठवून दिली. दहावीची वही टॅरिफमध्ये अडकली हे मी कॉलनीत सगळ्यांना सांगितलं, कुणाचा विश्वास बसत नाही. ती बिचारी दोन दिवस रुसली होती.

तर पुढच्याला. आता हे तुझ्यासाठी. नाव घेत नाही, पत्त्यांचा क्रम सगळ्यांना पाठ आहे.

फोनवर तू पावसाचं बोललास, मुलीच्या ॲडमिशनचं बोललास, वहीचं म्हटलं की “पाठवतो गं उद्या”. मी रागावलेली नाहीये. आधी रागावले होते, चार जणांकडे तुझी चुगली पण केली, आळशी आहे पहिल्यापासून म्हणून. मग मागचं आठवत बसले. पहिल्या फेरीत तू अकरा पानं लिहिलेलीस, कलमं कशी बांधायची, थ्रिप्सच्या किडीने मोहोर कसा गेला, फवारणीला किती गेले, आकड्यांसकट. दुसऱ्या फेरीत सहा ओळी आणि खाली ‘बाकीचं पुढच्या वेळी’. ही ती पुढची वेळ आहे, आणि तुला ती नकोय. बरोबर ना? टपरीवाल्याची पानं वाचलीस, माझं कानातल्यांचं वाचलंस, आणि वाटलं असेल की आता आपल्यालाही काहीतरी तसलं काढून द्यावं लागणार.

डॉक्टरीणबाईंनी पाठवलेलं ते दुसरं असं. अमेरिकेत जेम्स पेनबेकर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी 1986 मध्ये छापलेला प्रयोग. कॉलेजच्या मुलांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट घटनेबद्दल लिहायला सांगितलं, काय झालं ते आणि काय वाटलं ते, दोन्ही. पुढच्या काही महिन्यांत ती मुलं डॉक्टरकडे कमी वेळा गेली. हे सगळेच सांगतात. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना बरं वाटलेलं नव्हतं, वाईट वाटत होतं, हलकंबिलकं काही नाही. हे कुणी सांगत नाही. मी पण तुम्हाला वही काढताना सांगितलं नव्हतं, लिहा रे मोकळं वाटेल एवढंच म्हटलं होतं. ते चुकलं माझं. कानातल्यांचं लिहून झाल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती.

म्हणून नको लिहूस. तारीख टाक, खाली नाव लिही आणि पान कोरं सोड. नाहीतर या वर्षी आंबा किती उतरला तेवढं लिही, आम्ही आवडीने वाचू, तुझ्या फवारणीच्या हिशेबावर पुण्याच्या दोघांनी समासात शंका विचारल्यात त्यांची उत्तरं पण राहिलीयत तुझ्याकडे. पान 61 वर भज्यांच्या तेलाचा डाग आहे नुसता, त्याखाली सही. तोही चालला. पाकीट मी कुरियरने पाठवलंय, वर पुढचा पत्ता लिहिलेलं, तिकिटाचे पैसे आत ठेवलेत, तू फक्त बाजारात जाशील तेव्हा पोस्टात दे. सोमवारी जाऊ नकोस, गर्दी असते.

बाकीच्यांनो, त्याला फोन करून सतावू नका. आणि हे वाचून अंगठा देऊ नका.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची

ता. क. न्यू जर्सीवालीने तिची चार पानं सुटी लिहून नोव्हेंबरात मावसभावाबरोबर माझ्याकडे पाठवलीयत. बंद पाकीट आहे, वर लिहिलंय ‘वही आली की चिकटव, आधी वाचू नकोस’. कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय. पाकीट पातळ आहे, उजेडात धरलं तर दिसेल. अजून धरलेलं नाही.